टिकलीखालचं कपाळ

प्रश्न, थोडक्यात: माझं वय २७. कार्तिकात लग्न आहे, अजून चार महिने हातात आहेत. घरात दोन तट पडलेत. आजी म्हणते, देवानं दिलेला चेहरा असताना वर थापाथापी कशाला; आंबेहळद आणि साय लाव, पुरे. वहिनी म्हणते, फोटो जन्मभर राहतात, तेव्हा ‘ग्लो’ची इंजेक्शनं घे आणि ओठांना थोडं फिलर, म्हणजे ओठ भरणारं इंजेक्शन, करून घे. मला मेकअप आवडतो, पण करून झाल्यावर आरशात दुसरंच कुणीतरी बसलंय असंही वाटतं. मानेचा काळेपणा पार्लरमध्ये ब्लीच करून घेते, हनुवटीचं थ्रेडिंग दर आठवड्याला असतं, कपाळावर टिकलीच्या जागी जरा पांढुरकं झालंय पण ते टिकलीखाली झाकलं जातं, त्यामुळे त्याचा प्रश्न नाही. मेकअप आणि हे सगळे उपचार मूळचं सौंदर्य खुलवतात की झाकतात?

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आजी आणि वहिनीच्या भांडणासाठी, दुसऱ्यांदा शेवटच्या दोन-तीन ओळींसाठी. त्या ओळींकडे येतेच. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते, रागावू नकोस.

मी सांगलीत सव्वीस वर्षं त्वचारोगांचा दवाखाना चालवते. तपासणीच्या खोलीत एक बेसिन आहे, त्यावर साधा साबण, कापसाचे बोळे आणि खोबरेल तेलाची बाटली. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला मी आधी त्या बेसिनपाशी बसवते. डाग दाखवायला यायचं तरी बायका डाग झाकून येतात. साहजिक आहे, एसटीत चारचौघांत बसून यायचं असतं. मग तेलाचा बोळा गालावरून फिरतो. पहिला बोळा बदामी होतो, दुसरा फिकट गुलाबी, तिसऱ्यावर काजळाची रेघ उमटते, आणि खालून गालफडांवरचा वांग म्हणजे तपकिरी डाग, नाकाशेजारच्या लाल शिरा, हनुवटीवरची राठ लव असं एकेक वर यायला लागतं. या दोन मिनिटांत बाई गप्प असते. कधी कधी सोबत आलेला नवराही पहिल्यांदाच तो चेहरा उजेडात बघत असतो.

तर ‘खुलवतं की झाकतं’ याचं उत्तर मी रोज त्या बोळ्यावर बघते. बहुतेक वेळा दोन्ही. मला चिंता वेगळी असते. खाली काय आहे ते त्या बाईला माहीत आहे का? माहीत असून झाकलं असेल तर तो तिचा शृंगार आहे, त्यात माझं काही म्हणणं नाही. माहीत नसताना झाकलं असेल, तर माझं काम तिथून सुरू होतं.

हे मी डॉक्टरकी शिकून आले असं नाही. माझे वडील शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि संध्याकाळी हौशी मंडळांच्या नाटकांची रंगभूषा करायचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच गावात, तेव्हा नाटकाचं वेड आमच्या पाण्यातच आहे. राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली की वडील जेवायलासुद्धा घरी नसायचे. त्यांची पत्र्याची ट्रंक होती. पॅनकेकच्या चपट्या डब्या, झिंकचा सफेदा, पिंजर, क्रेपचे केस, आणि ते चिकटवायच्या स्पिरिट गमचा डोक्यात जाणारा वास. विशीतल्या पोराचा म्हातारा करायचा तर ते त्याला सांगायचे, ‘आधी आठ्या घाल कपाळाला.’ जिथे आठी पडली तिथेच तपकिरी रेघ, तिच्या कडेला उजळ रेघ, मग बोटानं पुसट करायचं. त्या पोराला साठाव्या वर्षी जी सुरकुती पडणार होती तीच ते आज रंगवून ठेवायचे. आता याला झाकणं म्हणायचं की खुलवणं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रयोग संपला की मात्र वडील तेलाची बाटली घेऊन रंगपटाच्या दारात उभे. रंग न उतरवता कुणाला घरी जाऊ द्यायचे नाहीत. एका पोराला दाढीमिशा फार शोभल्या, त्याला तसंच गल्लीत मिरवायचं होतं. वडिलांनी त्याला खुर्चीत बसवून केस न् केस सोडवला आणि खालची कातडी लाल झालीय का ते दिव्याखाली बघितलं. बालगंधर्वांच्या गोष्टी ते फार रंगवून सांगायचे. समोर पुरुष आहे हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी घरंदाज बायका त्यांचं बघून नऊवारी कशी नेसायची नि गजरा कसा माळायचा ते शिकल्या. एवढं मोठं सोंग, पण त्यात फसवलं कुणालाच नव्हतं.

म्हणून तुझ्या फाउंडेशनचं, लिपस्टिकचं, लग्नाच्या दिवशीच्या चार तासांच्या मेकअपचं मला भय वाटत नाही. तो दिसतो, आणि रात्री धुतला जातो. मला भय वाटतं ते धुऊन न निघणाऱ्या झाकणाचं, आणि ते झाकण बहुतेक वेळा ‘मी मेकअप अजिबात करत नाही’ म्हणणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर असतं.

त्याचं नाव ट्यूब. ‘मॅडम, एक ट्यूब आहे, लावली की चेहरा मस्त राहतो, बंद केली की पेटतो.’ हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. त्या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. वांगावर हे मिश्रण खरोखर उत्तम चालतं, मीही लिहून देते, पण मोजून काही आठवडे आणि मध्ये तपासून. १९७५ हे साल मोठं गमतीचं आहे. त्याच वर्षी अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन यांनी या तीन औषधांचं मूळ मिश्रण प्रसिद्ध केलं, त्याच वर्षी फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेच्या रंगाची प्रतवारी मांडली, जी आम्ही लेसर लावण्याआधी आजही बघतो, आणि त्याच वर्षी आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. पंचेचाळीस वर्षांनी, २०२०मध्ये, तिच्या नावातलं ‘फेअर’ गेलं आणि तिथे ‘ग्लो’ आला. तुझ्या वहिनीच्या तोंडी असलेला ‘ग्लो’ तोच.

स्टिरॉइड लावलं की दोन-चार दिवसांत लाली जाते, खाज जाते, रंग उजळतो. बाई खूश, शेजारीण विचारते, नाव लिहून घेते. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, गालांवर लव वाढते, आणि उन्हात गेलं की चेहरा भगभगतो. मग पुन्हा तीच ट्यूब, कारण तिनंच भगभग थांबते. या चेहऱ्याला आमच्या शास्त्रात स्वतंत्र नाव द्यावं लागलं, आणि ते भारतातल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी दिलं. मार्च २०१८मध्ये सरकारनं अशी १४ स्टिरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावर.

यात मी स्वतः धुतल्या तांदळासारखी नाही. दवाखाना नवा होता तेव्हा एका बाईला वांगासाठी ही ट्यूब दिली, चिठ्ठीवर ‘दोन आठवडे’ लिहिलं, पण ती परत आली नाही हे माझ्या लक्षातही राहिलं नाही. तीन वर्षांनी तिची जाऊ आली. चेहरा लालबुंद, बोट टेकवलं तरी हुळहुळायचा. पर्समधून तिनं माझीच चिठ्ठी काढली, चक्क लॅमिनेट केलेली. पाच घरांत फिरली होती. ‘दोन आठवडे’ हे शब्द प्लास्टिकखाली स्वच्छ वाचता येत होते. त्या दिवसापासून या ट्यूबचं नाव मी वेगळ्या कागदावर लिहिते, वर तारीख घालते आणि ‘या तारखेनंतर देऊ नये’ असा शिक्का मारते.

बिननावाच्या डबीत मिळणाऱ्या क्रीमची गोष्ट याहून वाईट. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून गोरं करणाऱ्या स्वस्त क्रीममध्ये तो घालतात. त्वचेतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका घरातली मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. शोध घेता घेता गाडी त्या तिघी वापरत असलेल्या क्रीमपाशी आली, आणि तपासणीत त्यात पारा निघाला. केरळात मलप्पुरमकडेही असेच रुग्ण सापडले. आपल्या नियमांत क्रीममध्ये चुकून राहिलेला पारा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर कारखान्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तिला नियम कोण लावणार? तेव्हा पार्लरच्या कपाटातली बिननावाची डबी कितीही मायेनं दिली तरी घेऊ नकोस.

आता वहिनीची ‘ग्लो’ची इंजेक्शनं, म्हणजे ग्लुटाथायोन. हे आपल्या शरीरातच तयार होतं, आणि इंजेक्शन म्हणून ते यकृताच्या आजारात वापरतात. गोरं होण्यासाठी शिरेतून घ्यायला आपल्याकडे त्याला मान्यता नाही. जिथे याचं वेड आपल्याहून जुनं आहे त्या फिलिपिन्समध्ये तिथल्या औषध प्रशासनानंच लोकांना जाहीर इशारे दिलेत. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांवर परिणाम आणि अंगावरची कातडी सुटण्याइतकी गंभीर अॅलर्जी त्यात येते. आणखी एक कायद्याचा मुद्दा सांगते, कारण दुकानदार ‘हे औषध नाही ताई, कॉस्मेटिक आहे’ म्हणतात. १९४०च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या आहे: अंगाला चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं, फवारायचं किंवा तसंच काही करून लावायचं. टोचायचं हा शब्द त्यात कुठेच नाही. सुई आली की ते प्रसाधन राहिलं नाही. हे अजिबात घेऊ नकोस. वहिनीला हवं तर माझं नाव सांग.

रंगाबद्दल अजून एक. रंग तयार करणाऱ्या पेशी सावळ्या माणसात जास्त आणि गोऱ्यात कमी असतात, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही, संख्या जवळपास सारखीच असते. रंगाचे कण केवढे आहेत आणि कसे पसरलेत यावर फरक पडतो. सावळ्या कातडीला ऊन सोसतं, सुरकुत्या उशिरा पडतात, पण ती डिवचली की काळा डाग धरून ठेवते. जोरात चोळलं, कडक ब्लीच केलं, चुकीच्या लेसरनं भाजलं, की मुरूम जातं आणि डाग सहा महिने राहतो.

मेकअपच्या बाजूनंही बोलू दे, नाहीतर तू म्हणशील बाई नुसत्या घाबरवतात. वांगाला अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही वाढवतो, विशेषतः आपल्यासारख्या कातडीत. नेहमीचं सनस्क्रीन त्या उजेडाला फारसं अडवत नाही. आयर्न ऑक्साइड अडवतं. आणि आयर्न ऑक्साइड म्हणजे काय, तर फाउंडेशनला बदामी रंग देणारी तीच पिवळी-तांबडी-काळी माती. म्हणून वांगाच्या रुग्णाला मी रंगीत सनस्क्रीन लिहून देते, नाहीतर सनस्क्रीनवर तिच्या रंगाला जुळणारं फाउंडेशन लावायला सांगते. इथे झाकणं हाच उपचार झाला. एका सासूबाईंनी मला दवाखान्यात येऊन विचारलं होतं, ‘डॉक्टर, तुम्हीच सुनेला मेकअप करायला सांगितलात?’ म्हटलं हो, सकाळ-दुपार दोनदा.

कोड असलेल्या माझ्या एका रुग्णाचं सांगते. शाळेत शिक्षिका आहे. तिच्या ओठांभोवती आणि बोटांवर डाग आहेत. उपचार चालू आहेत, पण बोटांच्या टोकांवरचं कोड हट्टी असतं. ती रोज शाळेत तशीच जाते, मुलांनी विचारलं तर फळ्यावर चित्र काढून रंगपेशी समजावते. पण भावाच्या लग्नात तिला डाग झाकायचे होते. कारण विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, त्या दिवशी मला कुणाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नाहीत. करवली म्हणून नाचायचंय फक्त.’ आम्ही तीन छटा मिसळून तिचा रंग जुळवला, वर पावडर दाबली, पाण्यानं निघत नाही ना ते नळाखाली बोटं धरून बघितलं. दुसऱ्या दिवशी रंग धुऊन ती पुन्हा शाळेत. या बाईनं काही लपवलं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आणि आजीला सांग, चेहऱ्यावर हात चालवणं हे काही परवा आलेलं विलायती खूळ नाही. इंग्रजांच्या फौजेतल्या कवासजी नावाच्या गाडीवानाला टिपूच्या लोकांनी पकडलं, त्याचं नाक आणि एक हात तोडला. वर्षभर तो बिननाकाचा फिरला. मग पुण्याजवळ कुंभार-वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. मेणाचं नाक करून ते सपाट केलं, कपाळावर ठेवून त्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली आणि कातडी उलटवून खाली नाकाच्या जागी बसवली. हे बघणारे दोन इंग्रज डॉक्टर होते. १७९४च्या ऑक्टोबरात हकिगत चित्रासकट लंडनच्या मासिकात छापून आली, आणि तिच्यावरून कार्प्यू या सर्जननं १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या कातडीनं नाक करण्याला जगभरचे प्लास्टिक सर्जन आजही ‘भारतीय पद्धत’ म्हणतात. कवासजीचं नवं नाक ‘नैसर्गिक’ नव्हतं. पण बाजारात लोक त्याच्याकडे न वळता निघून जायला लागले असतील, एवढं मला पुरतं.

बोटॉक्सची, म्हणजे आठ्या घालवणाऱ्या इंजेक्शनची, गोष्टही रोगातूनच निघालीय. व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स नावाच्या नेत्रतज्ज्ञ बाई पापण्या आपोआप मिटणाऱ्या रुग्णांना ते टोचत असत. १९८७च्या सुमारास एका बाईनं तक्रार केली की या खेपेला भुवयांच्या मध्ये का टोचलं नाहीत, तिथे टोचलं की माझा चेहरा निवांत दिसतो. डॉक्टरांचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून आधी आपल्या रिसेप्शनिस्टला टोचून बघितलं. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला २००२मध्ये परवानगी मिळाली. ते स्नायूला तीन-चार महिने झोपवतं, मग स्नायू आपसूक जागा होतो. सत्ताविसाव्या वर्षी तुला त्याची गरज नाही, विषय संपला.

ओठांचं फिलर मात्र तू स्वतः विचारात घेतेयस असं पत्रावरून वाटतं, जरी नाव वहिनीचं असलं. त्यात हायलुरोनिक आम्ल असतं, ते पाणी धरून ठेवतं, सहा महिने ते वर्षभरात विरतं. चांगल्या हातून, थोडंसं केलं तर ओठ तुझेच वाटतात. धोका रक्तवाहिनीचा. फिलर चुकून धमनीत गेलं तर पुढची कातडी काळी पडते, आणि नाक किंवा भुवयांमधल्या जागी असं झालं तर डोळाही जाऊ शकतो. ते विरघळवणारं औषध आहे, हायलुरोनिडेज, पण ते लगेच हाताशी लागतं. म्हणून कुठेही गेलीस तर पहिला प्रश्न दराचा विचारू नकोस. ‘हायलुरोनिडेज इथे फ्रिजमध्ये आहे का?’ असं विचार. समोरची व्यक्ती गोंधळली तर पर्स उचल आणि ये. पार्लरमध्ये, ‘हेअर-फिलर-नेल’ असं एकत्र लिहिलेल्या पाटीखाली, अजिबात नाही.

त्याआधी एक कर. ओठ बारीक आहेत हे तुला कुठे दिसलं? मोबाइलच्या सेल्फीत दिसलं असेल तर त्या फोटोवर जाऊ नकोस. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं मोजून दाखवलंय. बाकीची ठेवणही त्याच हिशोबानं बिघडते. कुणाला तरी पाच-सहा फुटांवर उभं कर, खिडकीच्या उजेडात साधा फोटो काढायला लाव आणि तो आठवडाभर बघ. माझ्याकडे नाकासाठी येणाऱ्या निम्म्या पोरी या फोटोनंतर परत येत नाहीत. (माझ्या धंद्याला हे बरं नव्हे, असं आमचा कंपाउंडर म्हणतो.)

आजीच्या सायीला माझी हरकत नाही. पण ‘घरगुती म्हणजे निर्धोक’ हे तिच्या डोक्यातून काढायला हवं. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेलेल्या पोरींचे भाजल्यासारखे ओघळ मी दर उन्हाळ्यात बघते. पारंपरिक सुरम्यात शिसं असतं. आणि लग्नात हमखास जी घोडचूक होते ती काळ्या मेंदीची. मेंदीचा रंग लालसर-तपकिरी असतो. तासाभरात काळीभोर रंगणाऱ्या कोनात केसांच्या कलपातलं रसायन मिसळलेलं असतं, त्यानं हातावर नक्षीच्या आकाराचे फोड येतात. मेंदीवालीला आधीच बजावून ठेव.

मुरमांसाठी कुणी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या असतील, तर लग्नाच्या तोंडावर हे तुला माहीत हवंच. त्या गोळ्यांवर असताना दिवस राहिले तर बाळाला गंभीर व्यंग येण्याचा धोका मोठा असतो. गोळ्या चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर निदान एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते. नववधूंना हे सांगायला डॉक्टर लाजतात आणि घरात कुणी विचारत नाही. मी होणाऱ्या नवऱ्यालाही खोलीत बोलावून सांगते. बाकी वेळापत्रक सोपं आहे: पील (औषधानं वरची कातडी सोलणं) वगैरे काही करायचं असेल तर शेवटचं लग्नाआधी महिनाभर, मेकअपची चाचणी दोन-तीन आठवडे आधी, आणि शेवटच्या पंधरा दिवसांत चेहऱ्याला कुठलीही नवी वस्तू लावायची नाही, फुकट मिळाली तरी. चाचणीच्या दिवशी आरशात दुसरंच कुणी दिसलं, तर मेकअपवालीला तिथल्या तिथे सांग. बहुतेक वेळा फाउंडेशन मानेपेक्षा दोन छटा उजळ घेतलेलं असतं, दुसरं काही नाही.

आता तुझ्या त्या तीन ओळी.

मानेचा काळेपणा. बोट फिरवून बघ, मखमलीसारखं जाडसर लागतंय का? काखेतही तसंच आहे का? असेल तर तो मळ नाही, उन्हाचा रंगही नाही. रक्तात इन्सुलिन वाढलं की कातडी तिथे अशी जाड होते. कितीही ब्लीच केलंस तरी परत येणार, आणि घासल्यानं वाढणार. त्यात हनुवटीला दर आठवड्याला थ्रेडिंग लागतंय. पाळी वेळेवर येते का, हे तू लिहिलेलं नाहीस, म्हणून मीच विचारते. दोन-दोन महिने लांबत असेल तर पीसीओडीची, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयाचं काम विस्कटण्याची, शंका घ्यायला पुरेसं कारण आहे. उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉइड आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एक भेट, एवढं याच महिन्यात उरक. केस काढायच्या लेसरचं पॅकेज त्याआधी घेऊ नकोस. हार्मोन बिघडलेले असताना चेहऱ्यावर लेसर केलं तर काही जणींना उलट आजूबाजूची लव राठ होते. मूळ दुखणं सापडलं की लेसरही चांगलं लागू पडतं. तोपर्यंत थ्रेडिंग चालू ठेव, ब्लीच बंद.

आणि ज्याचा ‘प्रश्न नाही’ असं तू लिहिलंस, ते कपाळ. टिकलीच्या मागच्या गोंदात काही वेळा एक रसायन असतं, ते रंगपेशी मारतं. रोज त्याच जागी चिकटवली की टिकलीएवढाच गोल पांढरा डाग पडतो. बायका मग जरा मोठी टिकली घेतात, डाग तिच्या मापाचा होतो, मग आणखी मोठी. माझ्याकडे एक आजी रुपयाएवढी टिकली लावून यायच्या, खाली डागही रुपयाएवढाच. लवकर थांबवलं तर रंग बऱ्याचदा परत येतो. क्वचित ही कोडाची सुरुवातही असते, ते वुड्स लॅम्पच्या निळसर उजेडात पाच मिनिटांत बघता येतं, त्यानं दुखत नाही की खुपत नाही. आज हे वाचून झालं की टिकली काढ, आणि पुन्हा चिकटवू नकोस. घराजवळच्या त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घे, जाताना सध्या वापरतेस ते टिकलीचं पाकीट सोबत ने. लग्नात चंद्रकोर हवीच असेल तर ती रंगानं काढून घे, आठवडाभर आधी तोच रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ, आणि रात्री झोपण्याआधी खोबरेल तेलानं पूस.